पट्ट्याचं दुसरं टोक

१४ मार्च

प्रिय धाकट्या,

इतके महिने पत्र नाही, याबद्दल खुशाल रागाव, पण सगळं वाचून झाल्यावर. तुझी दोन्ही पत्रं टेबलावर तशीच पडून आहेत. उत्तर लिहायचं म्हणजे बाबांची तब्येत सांगणं आलं, आणि ती सांगितली की तू विचारणार, उपचार कोण करतंय? तेच टाळत होते. उपचार मीच करत होते.

मी व्यवसायोपचार शिकायला घेतला तेव्हा तू विचारलं होतंस, "ताई, तू डॉक्टर होणार की हस्तकलेच्या बाई?" अजूनही कुणाला विषय समजावून सांगताना तुझं ते वाक्य आठवून मला हसू येतं. लुळ्या हाताला पुन्हा घास उचलायला शिकवणं, शर्टाचं बटण लावायला शिकवणं, हे आमचं काम. पुढे प्रबंधासाठी मी तुरुंगात जाऊ लागले. ज्यांच्या हाताला दिवसभर काहीच नाही, अशी माणसं पाहिली. एकाने स्वतःची नखं मुळापासून उपटली होती. दुसऱ्याने शेजारी झोपणाऱ्याचं डोकं मोरीच्या कडेवर आपटून फोडलं होतं. का म्हणून विचारलं तर म्हणाला, "बाई, काहीतरी करायला हवं होतं ना." त्या वाक्यावर माझी सगळी कारकीर्द उभी आहे. माणसाचं रोजचं करणं काढून घेणं हा अन्याय आहे आणि ते परत मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, मग तो माणूस कसा का असेना, हे मी परिषदांमधून सांगत फिरले, पुस्तकात लिहिलं. 'कसा का असेना' हे शब्द लिहिताना डोळ्यांसमोर कैदी होते. बाबा नव्हते. निदान मला तसं वाटत होतं.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात पूर्ण गेला. आमच्या विभागप्रमुख बाईंनी बजावलं होतं, सख्ख्या माणसाला आपण हात लावायचा नसतो, दुसऱ्या कुणाकडे दे. मी ऐकलं नाही. का ऐकलं नाही, हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारते आणि उत्तर रोज बदलतं. कधी वाटतं, मी सूड घेणाऱ्यांतली नाही हे मला स्वतःलाच दाखवायचं होतं. कधी वाटतं, त्यांनी एकदा तरी मला शाबासकी द्यावी एवढंच हवं होतं. आमची पद्धत अशी की पहिल्या दिवशी रोग्याला विचारायचं, तुम्हाला तुमच्या हातांनी पुन्हा काय करायचंय? तो जे सांगेल ते ध्येय. त्यात आपण ढवळाढवळ करायची नाही. बाबा जड जिभेने म्हणाले, "माझा पट्टा मला बांधता आला पाहिजे."

धाकट्या, कोणता पट्टा ते तुला सांगायला नको. पितळी बकलाचा, कारखान्यातून आल्यावर कमरेवरून ओढला की सापासारखा सळकन निघायचा तो. कातड्याचं टोक मुठीला गुंडाळायचे आणि बक्कल मोकळं सोडायचे. त्या दिवशी ते तुझ्या डाव्या कानावर बसलं. रक्त मानेवरून शर्टात उतरत होतं आणि तू रडतही नव्हतास, नुसता "काय? काय म्हणालात?" असं विचारत होतास, कारण तुला ऐकूच येत नव्हतं. ऐकत नाही म्हणून त्यांनी पुन्हा मारलं. दवाखान्यात आईने सांगितलं, सायकलवरून पडला. तूही तेच सांगितलंस. बायकोलाही तू आजवर तेच सांगत आलायस, हे मला ठाऊक आहे.

तरीही मी तो पट्टा कपाटातून काढला आणि त्यांच्या हातात दिला. पकड घट्ट व्हायची तर दुसऱ्या बाजूने कुणीतरी ओढून धरावं लागतं. मी दिवसभर कॉलेजात असायचे, म्हणून दुसरं टोक मी आईच्या हातात दिलं. घरच्या माणसाला सरावात सामील करून घ्यावं, असं मीच विद्यार्थ्यांना शिकवते. आई टोक अंगापासून लांब, सैल धरायची. मी म्हणायचे, "आई, घट्ट धर गं, सोडू नकोस, त्यांना जोर लागला पाहिजे." तिने सोडलं नाही. बाबांची बोटं एकेक करून वळू लागली, शेवटी अंगठाही वळला. ज्या दिवशी त्यांनी बक्कल स्वतः लावलं त्या दिवशी मला म्हणाले, "शाब्बास पोरी." मी न्हाणीघरात जाऊन रडले. ते रडणं आनंदाचं होतं, हेही तुझ्यापासून लपवत नाही.

आईला काय करायचंय, हे मी विचारलंच नव्हतं. रोगी ती नव्हती ना! बाबा रुग्णालयात होते तेव्हा खालच्या मजल्यावरची शिवणवाली मावशी तिला पोहण्याच्या तलावावर घेऊन गेली. या वयात आई पोहायला शिकतेय, काय सांगू तुला! आधी कठडा सोडेना. आता पाण्यात तोंड घालून श्वास सोडते, बुडबुडे काढते, आणि घरी आल्यावर मला सांगते, "डोकं पाण्याखाली घातलं ना, की घर ऐकू येत नाही." बाबा घरी परतल्यावरही ती जातच राहिली. हात लुळा होता तोवर ते नुसते शिव्या देत.

रविवारी तिला उशीर झाला. ओल्या केसांनी आत आली. मी स्वयंपाकघरात होते. पट्टा ओढल्याचा आवाज मी इतक्या वर्षांनीही ओळखला, पण पोचेपर्यंत दोन फटके बसले होते. एक तोंडावर, एक खांद्यावर. तिची भुवई फाटली होती, डोळा रक्ताने भरला होता, आणि बाबा तिचे ओले केस डाव्या हातात धरून उजवा पुन्हा वर नेत होते. खांदा, कोपर, मनगट, सगळं अगदी मी शिकवलं होतं तसं.

मी त्यांचा हात धरला. मूठ नेहमी अंगठ्याच्या बाजूने सुटते, ते आमचं पहिल्या वर्षाचं ज्ञान. एका झटक्यात सुटली. पट्टा खाली पडला. आई मोकळी झाली. तिथे थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. अंगठा उलटा धरला आणि पुन्हा झटका दिला. वाळकी काडी मोडावी तसा आवाज आला. ते ओरडले तेव्हा मला बरं वाटलं. पहिला झटका आईसाठी होता. दुसरा कुणासाठी होता, तुझ्या कानासाठी की माझ्यासाठी, ते अजून नीट कळलेलं नाही. पण तो गरजेचा नव्हता, एवढं नक्की.

बाबा रुग्णालयात आहेत. अंगठ्याला प्लॅस्टर घातलंय. ते तुला फोन करतील, पोरीने हात मोडला म्हणून रडतील. ते खरं आहे. पण दया येऊन त्यांना तुझ्याकडे नेऊ नकोस. मी आईला म्हटलं, तू धाकट्याकडे जा. ती म्हणाली, "मी का जाऊ? तलाव इथे आहे." भुवईला टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, कशाने लागलं? मी तोंड उघडण्याआधीच ती बोलली, "नवऱ्याने मारलं. पट्ट्याने." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "या वेळी सायकल नाही." तिला तक्रार नोंदवायची आहे. हे आधी कधी घडलंय का, असं पोलीस विचारणार, आणि आई तुझं नाव घेणार आहे. म्हणजे तुला फोन येईल. त्या फोनवर तू काय सांगावंस हे मी ठरवू शकत नाही, ते तुझं तू ठरव. पण बायकोला आधी सांग, तिला परक्याच्या तोंडून कळू नये. माझ्या दुसऱ्या झटक्याबद्दल मी स्वतःच सांगणार आहे. त्यानंतर मला शिकवू देतील की नाही, माहीत नाही. एवढ्यासाठीच हे पत्र.

तुझीच,
ताई

ता. क. : उद्या सकाळी आईबरोबर पोलीस चौकीत जाणार आहे.