पळणारी गाठ

डॉक्टरबाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज सकाळी मी नातीला तुमचीच सवय सांगत होते: थंड हात कुणाच्या अंगाला लावायचा नाही. रॉकेल रेशनवर मिळायचं त्या हिवाळ्यात, नगरच्या दवाखान्यात, तुम्ही आधी शेगडीवर हात शेकायचात आणि मगच बाईला तपासायचात. मी तुमच्या हाताखाली नर्सिंग शिकत होते आणि आपल्याला सगळं येतं अशा तोऱ्यात असायचे.

तिसगावकडची ती सून आली. अठरा-एकोणीस वर्षांची, डाव्या स्तनात बोराएवढी गाठ, वर सासूने लावलेल्या बिब्ब्याने भाजलेला चट्टा. तुम्ही म्हणालात, तूही हात लावून बघ. बोटांना गाठ लागली आणि मी सासूदेखत बोलून गेले, "अगं बाई, केवढी गाठ!" पोर पांढरी पडली. सासू उठलीच. "म्हंजी बिब्ब्यानं बी गेली न्हाई. उद्या लेकराला नासकं दूध पाजंल ही. इथनंच माहेरी धाडते हिला."

तुम्ही सासूवर चिडला नाहीत. तिचे हात शेकवलेत, बोटं सपाट करून सुनेच्या छातीवर ठेवलीत आणि म्हणालात, "आजी, धरून दाखवा." ती दाबते आहे, गाठ निसटते आहे, ओल्या साबणासारखी. "आगं, ही तर पळतीय!" म्हातारी हसली, मग सूनही हसली. "तरण्या पोरींना अशा पळणाऱ्या गाठी होतात, बहुतेक साध्याच असतात," तुम्ही सांगितलंत. "तरी काढून पुण्याला तपासायला पाठवू. बिब्बा मात्र पुन्हा नाही." उत्तर येईपर्यंत सासू दवाखान्याच्या ओसरीवर मुक्काम ठोकून सुनेला भाकरी करून घालत होती. गाठ साधी निघाली आणि दोघी मिळून घरी गेल्या.

मला मात्र औषधांच्या खोलीत नेऊन झापलंत, "नर्सचा चेहरा रोग्याच्या आधी पडता कामा नये." मी मान खाली घालून ऐकलं, खरं कारण सांगितलं नाही. वर्षभर माझ्याही छातीत तशीच गाठ होती, बाई. त्या दिवशी तोंडून निघालं ते माझ्याच भीतीने. संध्याकाळी दार लावून मी हात शेकले, बोटं सपाट ठेवली, आणि ती पळाली. मी घळाघळा रडले. वयाबरोबर ती विरूनही गेली. तुमचे केवढे उपकार झाले ते तुम्हाला कळलंच नाही.

पुढे आयुष्यभर बायकांना दटावत आले, लाजू नका, डॉक्टरांना दाखवा. माझी मात्र तुम्हाला कधी दाखवली नाही.