मधोमध जाड लागलेली स्प्रिंग

९ जुलै, इंदूर
परत अडकली. नऊ गोळ्या नीट, दहावी अर्धी आत शिरली अन् तिला ढकलणारा बोल्ट तिथंच. ही रायफल पुढची गोळी स्वतः भरून घेती, आपण नुसता घोडा दाबायचा. घेतच न्हाई. एका नेमबाज पोरीची आहे, स्पर्धा तोंडावर. ज्यांच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात मी शिकतो त्या उस्तादांनी मॅगझिन बदललं, गोळी बसते ते चेंबर आरशासारखं पुसलं. तरी तेच. मग माझ्याकडं बघितलं. "आखिरी बार किसने खोली थी?"
मीच.

१० जुलै
सुट्टी मिळाली. "घर जा, चावल लगा. बुलाऊँगा तो आना." असली सुट्टी कळती मला. नववी नापास पोराला स्वतंत्र टेबल दिलंय, असं सगळ्यांना सांगणारे हेच उस्ताद.

१४ जुलै, तळेघर
भाताची लावणी. पाय चिखलात, डोकं त्या बोल्टात. आई म्हणाली, "आरं रोप आडवं पडतंय. तिकडंबी असंच काम करतूस का?" सगळं खाचर हसलं. मी पण हसलो.

१६ जुलै, जुन्नर
रशीदचाचांकडं. यांनीच मला उस्तादांकडं धाडलं होतं. पूर्वी बंदुका दुरुस्त करायचे, लायसन कधीच परत केलं. आता शिलाई मशीन अन् फवारणीचे पंप. रायफल तर त्यांनी पाहिलेलीच न्हाई. मी तोंडानं सांगत गेलो, ते डोळे मिटून बसले.
"बोल्ट फुडं येतो तवा आवाज कसा?"
"टक्."
"रोज टकच?"
आठवलं. "कधी टक्. कधी ट-टक्."
"बोल्टाला फुडं ढकलती ती स्प्रिंग?"
"अखंड आहे. बघितली मी."
"बघायला काय ती नवरी हाय व्हय लेका? वेढे मोजले?"
वेढे कोण मोजतं!
"बोट फिरवलं तवा कुटं जाड लागली?"
लागली होती. मधोमध. मला वाटलं वाळलेलं तेल.
चाचांनी पंपाच्या दोन जुन्या स्प्रिंगा घेतल्या, टोकाला टोक लावून पिळल्या. नटाचे आटे बसावेत तशा एकमेकीत गेल्या. ओढून बघितलं, सुटेनात. एकच स्प्रिंग!
"तुटली ती. पडायला जागा न्हाई, मग दर गोळीचा धक्का खात तुकडे एकमेकात फिरत गेले. लांबी घटली, जोर घटला. कधी बोल्ट पोचतो, कधी न्हाई. मी उभ्या जन्मात दोनदाच बघितलंय."
तुटलेली वस्तू आपली आपणच जोडून घेती अन् कामाला लागती. रोज हातात धरून आम्ही तिला अखंड म्हणतो.
जाताना चाचा म्हणाले, "लांबीला कमी भरली आसंल की रं."
"न्हाई चाचा. बरोबर भरली."

१७ जुलै, तळेघर
खोटं बोललो. कमीच भरली होती, चांगली दोन बोटं. मी ती ओढून लांब केली अन् बसवली. होळीच्या आसपास. नवी मागितली असती तर उस्तादांनी रायफल माझ्या टेबलावरून उचलून स्वतः केली असती. ती माझ्याच हातनं बरी व्हायला पाहिजे होती.
आता फोन करून नुसतं "वेढे मोजा" म्हटलं तर शाबासकी मलाच. ओढल्याचं कोण विचारतंय.
पण ती पोरगी गाल टेकवून नेम धरती त्या रायफलीवर. अन् चाचा न बघता बघतात, मी हातात धरून...

१८ जुलै
गावात रेंज न्हाई म्हणून टेकडीवर आलो. वही पण आणली.
सगळं सांगितलं. जाड लागलं ते, कमी भरली ते. "उस्ताद, मैंने खींची थी." पलीकडं कानशीचा आवाज चालू होता, तो थांबला.
"फोन रख."
तासाभरानं फोटो आला. पांढऱ्या कापडावर दोन तुकडे. मोठा करून बघितला. बाकी स्प्रिंग काळी, पण जिथं तुकडे एकमेकांत घुसले होते तेवढे वेढे घासून घासून चांदीगत झालेत. किती हजारदा फिरले असतील. दागिन्यापेक्षा देखणे, खरं सांगतो.
फोटोखाली अक्षर न्हाई. मी लिहिलं, "आऊँ क्या?" त्यांनी वाचलं. 'टाइपिंग' आलं, गेलं. परत आलं. परत गेलं.
खालून आई हाका मारतीय, मूठ संपली, रोपं आण म्हणून. खाली गेलो की रेंज जाती.
अजून बसलोय.