सुरुंगाच्या वेळचा दोर

माघ वद्य २, शके १८३४. तलवाडा

विहिरीला खडक लागला! आता सुरुंगाशिवाय गत नाही. नगरकडून आलेली माणसं कामाला खमकी आहेत. राहदारीचा कागद मात्र एकाकडेही नाही. नाक्याला वळसा घालून निजामाच्या मोगलाईत शिरलेली, म्हणून निमूट राबतात. खोड एकच — त्यांच्यातला आसाराम वात पेटवायला खाली उतरला की त्याला वर ओढायचा दोर त्याची बायको चंद्रभागाबाई आणि तिच्या जावाच धरणार. परक्याच्या हाती देत नाहीत. तेवढा वेळ बाया रिकाम्या! उद्यापासून दोराला आमचा गडी सिदू. बायांनी दगड वाहावेत.

माघ वद्य ३

सिदू तंबाखू मळत बसला. आसारामने खालून दोर हलवला, ते ह्याला उशिरा कळलं. आसाराम अर्ध्यावर असतानाच सुरुंग उडाला. जीव वाचला, गुडघा फुटला.

सिदूला मनसोक्त शिव्या घातल्या. त्याला तिथं बसवलं कोणी, ते कोणी विचारलं नाही.

माघ वद्य ४

काम बंद. सगळी विहिरीच्या काठावर बसून आहेत. आरडाओरडा नाही, काही नाही. दोराचं वेटोळं चंद्रभागाबाईच्या मांडीवर. म्हणाली, "दोर आमच्याच हाती ऱ्हाईल. अन् मानूस बरं होईस्तोर त्याची भाकर तुमच्या घरून."

मी म्हटलं, चावडीवर कळवतो. बिनकागदाच्यांना पोलीस अमीन हद्दीपार हाकलील.

"कळवा मालक. जाऊ. पर तवर असं कुनी उतरनार न्हाई."

अंगाचा तिळपापड झाला. माझ्याच रानात बसून मला अटी! आणि आवाज एवढासुद्धा चढवला नाही बाईनं. त्याचाच राग जास्त आला.

माघ वद्य ६

बसलेलीच आहेत. चावडीवर अजून गेलो नाही. का, ते माझं मलाच कळेना.

सिदूला म्हटलं, तू उतर, वात पेटव.

"दोर कोन धरंल मालक?"

"मी धरतो की."

काठापासून दोन पावलं मागं सरकला. दहा वर्षं माझं मीठ खातो! चिडून म्हणालो, "राहू दे बे, उद्या मीच उतरतो."

माघ वद्य ७

सकाळी आसारामची भाकर घरून पाठवली.

वात मी पेटवली. उतरताना सिदू दोर धरायला पुढं आला. त्याला मागं सारलं आणि चंद्रभागाबाईला हाक मारली.