उत्तरेकडची खोली
मंगळवार, मिल्टन कीन्स

लेकीचा, मीराचा, ॲरिझोनाहून फोन. सोलरची बॅटरी घेतेय, ठेवायची कुठे? मासिकांत मी घरच्या सोलरवरच लिहिते, म्हणून मला विचारलं. एरवी... असो.

"गॅरेजमध्ये नको. तिथे भट्टी होते, बॅटरी लवकर जाईल. गार खोली बघ."

"गार म्हणजे उत्तरेकडची. तुझी खोली."

माझी. तिच्याकडे गेले की मी तिथेच राहते.

"झोपायच्या खोलीत बॅटरी ठेवत नाहीत गं." नियम खराच आहे.

"अगं आई, तिथे झोपतं कोण? चार वर्षांत आलीस का तू?"

आणि तू? हे बोलले नाही.

"मग पलंग काढ. म्हणजे ती कोठीची खोली होईल."

सल्ला बरोबर आहे. कुठल्याही वाचकाला हाच दिला असता. पलंगाचं काय करणार, ते मात्र विचारवलं नाही.