खुशबूचं माहेरघर

प्रिय कैलाशभाऊ यांस भोजराजचा सप्रेम नमस्कार.

तुमची शुगर आणि बीपी ताब्यात असेल असं धरून चालतो, कारण या पत्रानं दोन्ही वाढणार आहेत. इकडे तुमची ताई बरी आहे, म्हणजे तुमच्या नावानं भांडी आपटण्याइतकी बरी आहे.

तुमचा मेसेज मिळाला. आमच्या गावातल्या शंभर टक्के प्रसूती दवाखान्यात झाल्या म्हणून तुमचं आरोग्य खातं सत्कार करणार, आणि तुमच्या भाचीला, खुशबूला, बाळासकट स्टेजवर बसवणार. (हात जोडल्याची चित्रंही पोचली.) खुशबू कुठं बाळंत झाली, ते मामा म्हणून ऐकून घ्या.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून पोर आठव्यातच आमच्याकडे आली. मग चिचगडच्या आरोग्य केंद्रातून सिस्टरबाईंचा फोन आला, की तिला आधीच माहेरघरात आणून ठेवा. माहेरघर म्हणजे दवाखान्याच्या आवारातली गरोदर बायांची सरकारी खोली, हे आम्हाला कोणी सांगायचं? तुमची ताई म्हणाली, "ते त माहेरघरीच हाये जी, महिन्यापासून." सिस्टरबाई खूश. कॉम्प्युटरात खुशबू माहेरघरात दाखल. कळा सुरू झाल्यावर मी सरकारी गाडीसाठी फोन केला, तर तिकडचा माणूस मलाच समजावू लागला, की पेशंट दवाखान्यातच आहे, गाडी कशाला? मी म्हटलं, "अरे बाबू, ते माह्या आंगनात कन्हून राहिली." त्याला सिस्टीममध्ये तसं दिसत नव्हतं.

शेवटी गावातल्या मुन्नालालच्या पिकअपमध्ये, धानाच्या पोत्यांवर पोरीला निजवलं. चिचगडच्या अलीकडेच मुलगी झाली. बाळामागची वार पडेना, रक्त थांबेना. कैलाशभाऊ, मी एवढा कधीच घाबरलो नव्हतो. केंद्रात पोचलो तर माहेरघराला कुलूप, आत मोडक्या खुर्च्या. सिस्टरबाईंनी तातडीनं हात घालून वार काढली, म्हणून खुशबू आज आहे. (त्यांना शिव्या द्यायच्या ठरवल्या होत्या, त्या राहिल्या.) पोर पिकअपमध्ये झाली आणि वार दवाखान्यात पडली, तर तुमच्या खात्यानं वार मोजली!

नात मुठीएवढी आहे, अजून धड दूध ओढत नाही. आम्ही तिला पोटाशी धरून ऊब देत बसलो आहोत. खुशबू स्टेजवर येणार नाही. शाल मुन्नालालला द्या आणि पिकअपला हार घाला.

आपला,
भोजराज

ता. क. रागाच्या भरात जास्त लिहिलं गेलं असेल. असू द्या.

आणखी एक. धाकट्या लेकीला, रीनाला, सातवा लागला आहे. तुमची सून प्रेरणा गोंदियातल्या ज्या खासगी दवाखान्यात बाळंत झाली, त्याचं नाव तेवढं कळवा.