नाकाने कांदे सोलणारी

४ फेब्रुवारी

आल्या! नणंदबाई आल्या! त्यांच्या घरी फरशी बदलतायत, म्हणून 'चारच दिवस' मुक्काम आमच्याकडे. दोन ढब्बू बॅगा आणि स्वतःची उशी. चार दिवसांचं सामान असं असतं? मी दारात तोंडभर हसून स्वागत केलं. नाटक मला छान जमतं.

माझी मातीच्या बाहुल्या करायची खोली त्यांना दिली. म्हणजे नवऱ्याने दिली. मला विचारायचं कशाला!

६ फेब्रुवारी

"या वयात मातीत काय खेळतेस गं?" — इति नणंदबाई.

९ फेब्रुवारी

घात झाला! प्रदर्शनासाठी महिनाभर खपून केलेली म्हातारी बाहुली सावलीत, ओलसर फडक्याखाली वाळत होती. हळूहळू. तशीच वाळवायची असते ही माती, भट्टी नको की ऊन नको — पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्यांना. तरी उचलून गच्चीत उन्हात ठेवली! "म्हटलं, लवकर वाळेल." वाळली ना! कपाळापासून हनुवटीपर्यंत भेग. उचलायला गेले तर नाक हातात आलं.

नवरा म्हणतो, "अगं, ताईने चांगल्या मनानेच केलं." बहिणीचा वकील, तोही फुकटातला!

बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

१० फेब्रुवारी

सुचलं! प्रदर्शनात आता बाहुली जाणार ती नणंदबाईंचीच. नावही ठरलं — 'नाकाने कांदे सोलणारी'. चारचौघांत हसं झालं की कळेल.

१२ फेब्रुवारी

तारेचा सांगाडा, त्यावर फॉइल, त्यावर माती. अंग झालं, पण तोंड काही जमेना. त्यांच्याकडे टक लावून बघणार तरी किती? शेवटी आरसा पुढे ओढला आणि त्यांची नक्कल करत बसले. नाकपुडी वर, ओठ एका बाजूला, भुवई कपाळात. आरशात बघायचं, मातीत कोरायचं. काय मजा आली म्हणून सांगू! इतका जिवंत चेहरा माझ्या हातून आजवर झाला नव्हता.

१५ फेब्रुवारी

नणंदबाईंनी माझे सगळे ब्रश धुऊन, पुसून, ओळीने लावून ठेवलेत. मी असल्या गोष्टींना भुलणारी नव्हे.

१६ फेब्रुवारी

चार दिवस अजून संपलेले नाहीत! बाहुली मात्र वाळली — यावेळी कपाटात, कुलपात. पॉलिश पेपर मारला, रंग दिला. नवऱ्याला दाखवली. हातात घेऊन नीट बघितली. मग म्हणाला, "ही ठेवणारेस प्रदर्शनात? नक्की?" ओळखलं वाटतं बहिणीला! ठेवणार म्हणजे ठेवणार.

१८ फेब्रुवारी

प्रदर्शन झालं. लोक हसले, अगदी मला हवे तसे. नणंदबाई बाहुलीपुढे बराच वेळ उभ्या होत्या. मग माझ्याकडे पाहिलं, परत तिच्याकडे. हळूच म्हणाल्या, "स्वतःला अगदी हुबेहूब केलंस गं. मी बॅगा घेऊन आले, तेव्हा दारात अशीच उभी होतीस."