डाव, डावा नव्हे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली ऑपरेटर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि कोणाच्याही दबावाला बळी न पडता लिहीत आहे. दबाव आणण्याचे प्रयत्न झाले. ते फसले, एवढे नमूद करते.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि माझ्या पगारातून बांधलेला गच्चीचा जिना, माझ्या एकुलत्या मुलाला द्यावे. तो नको म्हणेल. म्हणू देऊ नये.

२. बँकेतील ठेवी सुनेला, तिच्या एकटीच्या नावाने. ती माझ्याशी भांडते, पण तोंडावर भांडते. आमच्या घराण्यात हा गुण बाहेरूनच आणावा लागला.

३. नणंदबाईंनी लग्नात दिलेला कपांचा सेट नणंदबाईंनाच साभार परत. दोन कपांना कान नाहीत. आले तेव्हाही नव्हते.

४. व्हिडिओ गेम. वकीलबाई म्हणतात, "काकू, असल्या किरकोळ वस्तू आपण 'घरातील इतर सामान' मध्ये घालू." घालू नयेत. हे स्वतंत्र कलम आहे.

माझ्या यजमानांना (यापुढे 'हे') अर्धांगवायूचा झटका आला, त्यानंतर सुनेने हातात धरून खेळायचे हे छोटे यंत्र आणले. ह्यांची उजवी बाजू गेली होती. वाचाही गेली; उरले ते दोन-चार शब्द, तेही अर्धेमुर्धे. बोटांना व्यायाम व्हावा हा हेतू, पण एका हाताने यंत्र धरून खेळता येईना. मग मी खुर्ची ह्यांच्या उजव्या अंगाला सरकवली आणि दोघांनी मिळून एकच यंत्र धरले. डावीकडची बटणे ह्यांची, उजवीकडची माझी. पडद्याच्या दोन टोकांना दोन फळ्या, मधे चेंडू. ज्याचा चेंडू सुटला तो हरला. खांद्याला खांदा लावल्याशिवाय दोघांना पडदा दिसत नसे. इतका संसार झाला, पण दिवसाउजेडी आम्ही इतके जवळ कधी बसलो नव्हतो.

हरले की हे माझ्याकडे यंत्र ढकलून ओरडत, "डाव!" म्हणजे आणखी एक. मी म्हणे, "पुरे आता, डोळे फुटतील." की पुन्हा, "डाव!" जीभ आवरत नसे, त्यामुळे शब्दाच्या शेवटी थोडा 'आ' लोंबकळत राही.

दुसऱ्या झटक्याच्या वेळी इस्पितळात आत एकालाच बसू देत होते. मुलगा म्हणाला, "आई, तू बाहेरच बस. तुला बघवणार नाही." मला काय बघवते, हे ह्याला कोणी सांगितले? मी बाहेर बाकावर बसले. यंत्र माझ्या पिशवीत होते, चार्ज केलेले.

आत हे सारखे "डाव" म्हणत होते आणि मुलाने ऐकले "डावा". उजवा हात गेलाच आहे, आता डावाही चालला, असे वाटून तो घाबरला. त्याने धावाधाव करून डॉक्टरांना आणले. हाताला ताण पडू नये, तो हलू नये म्हणून त्याला फळी लावून पट्ट्या बांधल्या. ह्यांचा एकुलता एक चालता हात! तो हात बटणे शोधत होता.

सगळे आटोपल्यावर मुलाने मला समाधानाने सांगितले, "शेवटपर्यंत बाबा डाव्या हाताचंच म्हणत होते गं. मी तो अजिबात हलू दिला नाही."

मी उभा जन्म खरखरणाऱ्या तारांवर लोकांचे तुटके शब्द ऐकले. समोरच्याचे वाक्य आपण पुरे करायचे नाही, असे माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी मला लहानपणीच शिकवले. आणि मी दाराबाहेर बसले होते. दार उघडून विचारायला किती वेळ लागला असता?

हे त्याला मी आजवर सांगितलेले नाही. आधी रागाने तोंड उघडवेना. नंतर, सांगितले तर तो कोलमडेल म्हणून. दर रविवारी तो येतो, "गोळ्या घेतल्यास?" विचारतो, मी "हो" म्हणते, तो जातो. आईला काय झाले आहे, हे त्याला कळत नाही.

इथवर वाचून वकीलबाईंनी कागद खाली ठेवला. "काकू, हे तो तुमच्या मागे वाचणार. मग त्यानं रडायचं कोणाजवळ?"

एवढा विचार मी केला नव्हता. सबब,

५. यंत्र मुलाला द्यावे; माझ्या मृत्यूनंतर नव्हे, येत्या रविवारी. असे कलम मृत्युपत्रात बसत नाही म्हणतात. बसवावे. वरचा मजकूर मी त्याला स्वतः वाचून दाखवीन. तो रडेल, मी घाई करणार नाही. मग त्याने माझ्या डाव्या अंगाला बसावे आणि ह्यांची बटणे धरावीत. त्याची दया येऊन मी मुद्दाम हरणार नाही, हे आताच लिहून ठेवते.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार, दोघांनाही यातले काही मिळणार नाही:
१. वरच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई
२. कोपऱ्यावरचे औषधवाले (सहीवर पाणी पडून शाई पसरली आहे, सही ग्राह्य धरावी)

स्थळ: माझे जेवणाचे टेबल
दिनांक: १२ मार्च, शुक्रवार